लो, हाय आणि हाय हाय!

आमच्या रोबोला गिअर एक असावा की दोन, या विषयावर २०१७ च्या जानेवारीत मिशिगनमधल्या एका हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये इतकी चर्चा झाली, की शेवटी रोबो बांधायला वेळ उरणार की नाही यावर वेगळी चर्चा ठेवावी लागली. त्या दुसऱ्या चर्चेत असं ठरलं, की वेळ फार कमी आहे, तेव्हा घाईघाईने कोणताही निर्णय घेऊ नये.

या सगळ्याच्या मुळाशी डीन केमन नावाचे एक संशोधक आहेत. मुलं जशी खेळाडूंच्या मागे धावतात तशी विज्ञानाच्याही मागे धावावीत, म्हणून त्यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ नावाची संस्था काढली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांनी पहिली रोबो स्पर्धा खेळली. मुलं विज्ञानामागे किती धावली याचा हिशेब ज्याचा त्याने करावा; मुलांना वर्कशॉपला सोडायला आणि रात्री आणायला पालक मात्र तेव्हापासून धावताहेत. अमेरिकेत या स्पर्धेचे सर्वांत जास्त संघ मिशिगनमध्ये आहेत. थंडीच इतकी असते की माणसं जिथे हीटर चालू असेल तिथे जमतात, आणि शाळेच्या वर्कशॉपमधला हीटर चांगला असतो.

खेळाची रीत तेव्हा अशी होती. जानेवारीतल्या एका शनिवारी त्या वर्षीचा खेळ जाहीर व्हायचा. तिथून पुढे सहा-साडेसहा आठवड्यांत रोबो बांधायचा. ठरलेल्या मध्यरात्री तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला सील ठोकायचं. मग मैदानात तीन विरुद्ध तीन रोबो, अडीच मिनिटांची लढत. पहिली पंधरा सेकंदं रोबो स्वतःच्या डोक्याने चालायचा आणि उरलेला वेळ मुलांच्या. दोन्हींत फार फरक पडतो असं माझ्या पाहण्यात नाही.

२०१७ चा खेळ वाफेच्या इंजिनांच्या जमान्यातला होता. मैदानाच्या एका टोकाला आकाशनौका, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचे, ताटाएवढे पिवळे गिअर. रोबोने एकेक गिअर आणून आकाशनौकेच्या खुंटीला अडकवायचा. वर उभी असलेली मुलं तो ओढून घेऊन पंखे फिरवणार. चारही पंखे फिरवायला डझनभर गिअर लागत. शेवटी दोरावर चढून वरची पाटी दाबली की ५० गुण. म्हणजे गिअर उचलायचे, गिअर वाहायचे, गिअर टांगायचे, आणि हे सगळं कुठल्या गिअरमध्ये करायचं यावर आम्ही भांडायचं.

‘आम्ही’त मी कसा, हे सांगायला हवं. आमची कन्या नववीत होती. संघाच्या शिक्षिकेने पालकसभेत विचारलं, “इंजिनिअर कोण आहे?” मी हात वर केला नव्हता. कन्येने केला. माझ्याजवळ मेकॅनिकलची पदवी आहे हे खरं. पण त्यानंतरचं माझं सगळं आयुष्य विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं आहे. यंत्राशी माझा शेवटचा गंभीर संबंध ‘थिअरी ऑफ मशीन्स’च्या पेपरात आला होता, आणि त्यातही गिअर ट्रेनचं गणित मी ऑप्शनला टाकलं होतं. गणिताने माझा पत्ता शोधत मिशिगनपर्यंत यावं, हे मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं, तर मी निदान उत्तराची पहिली पायरी लिहून ठेवली असती.

प्रश्न वरवर सोपा होता. रोबोची मोटर मिनिटाला सुमारे ५,३०० फेरे मारते. तेवढेच्या तेवढे फेरे चाकाला द्यायला गेलं तर रोबो जागचा हलायचा नाही, कारण त्या फेऱ्यांत जोर नसतो. म्हणून मध्ये गिअरबॉक्स. मोटरच्या साडेपाच फेऱ्यांना चाकाचा एक फेरा असा हिशेब धरला, तर चार इंची चाकांवर आमचा रोबो कागदावर सेकंदाला पाच मीटर पळत होता. चौदाला एक धरला, तर जेमतेम दोन मीटर. पण अंगात रेड्याचं बळ. मैदान अवघं साडेसोळा मीटर लांब. पहिल्या हिशेबाने चार-पाच सेकंदांत मैदान पार. दुसऱ्या हिशेबाने समोर आलेला रोबो ढकलत ढकलत भिंतीपर्यंत पोचवता येईल. यातलं काय हवं, वेगाचा हाय गिअर की ताकदीचा लो?

संघात तत्काळ दोन पंथ पडले.

वेगवाद्यांचं म्हणणं, गिअर मैदानाच्या एका टोकाला आणि आकाशनौका दुसऱ्या टोकाला, म्हणजे हा सरळ धावण्याचा खेळ. ताकदवाद्यांचं म्हणणं, धावशील रे बाबा, पण मधे कोणी आडवा आला तर? वेगवादी म्हणत, त्याला वळसा घालू. ताकदवादी म्हणत, वळसा घालायला जागा लागते. आम्ही त्याला घेऊनच जाऊ. वेगवाद्यांमध्ये बहुतेक बारीक मुलं होती आणि ताकदवाद्यांमध्ये फुटबॉलच्या संघातून काढलेली, याकडे मी कोणाचं लक्ष वेधलं नाही.

तिसरा पंथ एकट्याचा होता. चष्मा लावणारा, दहावीतला, सतत लॅपटॉप पोटाशी धरून फिरणारा एक मुलगा. त्याच्याकडे एक एक्सेल शीट होती. तिच्यात मोटर, चाक, वजन घातलं की ती सगळ्यांचं भविष्य सांगायची. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, हाय गिअरमध्ये ढकलाढकली केली तर चाकं घसरायच्या आतच एकेक मोटर नव्वद अँपिअरच्या आसपास ओढेल. ब्रेकर चाळीसचा आहे.”

“अरे बाप रे,” मी म्हणालो. हे वाक्य कोणत्याही तांत्रिक चर्चेत चालतं.

“लोमध्ये मात्र छत्तीसवरच चाकं घसरतील.”

“घसरतील? मग काय करायचं?”

“काहीच नाही. घसरलेली चांगलीच.”

“चाकं घसरलेली चांगली?”

“चाक घसरलं की मोटर वाचते, सर.”

मी ते वहीत लिहून घेतलं. मोठ्या माणसाने वहीत लिहून घेतलं की मुलांना वाटतं, हा घरी जाऊन तपासणार आहे.

मग त्याने तोडगा मांडला: दोन स्पीडचा गिअरबॉक्स. आत दोन्ही जोड्या कायम फिरत असतात. हवेच्या दाबावर सरकणारा एक छोटा दट्ट्या कधी या जोडीला पकडतो, कधी त्या. बटण दाबलं की वेग, पुन्हा दाबलं की ताकद. वर्कशॉपमध्ये एकदम शांतता पसरली. ज्या भांडणावर आपण मनापासून प्रेम केलं ते मिटण्याची शक्यता दिसली की माणसं अशी गप्प होतात.

फक्त टोपीवाले काका बोलले. हे एका मोटार कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले मशिनिस्ट. आठवड्याला साधारण दहा शब्द खर्च करत, त्यातले सहा ‘गॉगल घाला’ या अर्थाचे असत. ते म्हणाले, “एक निवडा.”

“पण दोन्ही मिळत असतील तर?” चष्मेवाल्याने विचारलं.

“तर दोन निवडावे लागतील.”

आठवड्याचा कोटा संपल्यामुळे त्यांनी पुढे स्पष्टीकरण दिलं नाही, आणि आम्ही कोणी ते मागितलं नाही.

निर्णय शास्त्रशुद्ध व्हावा म्हणून फळ्यावर तक्ता मांडण्यात आला. एका बाजूला पर्याय. दुसऱ्या बाजूला वेग, ताकद, वजन, किंमत, दुरुस्तीची सोय. प्रत्येक मुद्द्याला महत्त्वानुसार आकडा, मग गुणाकार, मग बेरीज. पहिल्या बेरजेत एका गिअरचा साधा गिअरबॉक्स जिंकला. तेव्हा ‘वजन’ या मुद्द्याला आपण उगाच जास्त महत्त्व दिलं, असं सर्वांच्या लक्षात आलं. ते कमी केलं. तरी साधाच जिंकला. मग ‘किंमत’ पुसली, कारण पैसे काय, प्रायोजक देतातच. मग ‘दुरुस्तीची सोय’ पुसली, कारण बिघडणार असं धरून कशाला चालायचं? शेवटी फळ्यावर ‘वेग’ आणि ‘ताकद’ एवढेच मुद्दे उरले, आणि दोन स्पीडचा गिअरबॉक्स प्रचंड बहुमताने निवडून आला. विज्ञानाचा असा विजय मी पूर्वी फक्त विमा कंपन्यांच्या सादरीकरणांत पाहिला होता.

तरी एकदोघे कुरकुरत होते. त्यांना गप्प करणारा मुद्दा कन्येने आणला. “पलीकडच्या शाळेने दोन स्पीडचा घेतलाय म्हणे.”

विषय संपला. ‘त्यांच्याकडे आहे’ याच्यापुढे टिकेल असं यंत्रशास्त्रात अजून काही निघालेलं नाही.

विषय संपला म्हणजे सुरू झाला. कारण आता हाय किती आणि लो किती, हे ठरवायचं होतं. वेगवादी पुन्हा फुटले: अतिवेगवादी आणि बऱ्यापैकी वेगवादी. चष्मेवाल्याने आलेख काढून दाखवलं, की मैदान एवढं लहान आहे की फार मोठा हाय गिअर लावला तर रोबो त्या वेगाला पोचेपर्यंत मैदानच संपेल. त्यापेक्षा थोडा कमी वेगाचा गिअर लवकर पोचवेल. हे अतिवेगवाद्यांना पटलं नाही. ते म्हणाले, “पण वेग जास्त असेल ना?” “असेल, पण गाठता येणार नाही.” “असेल ना पण?” टोपीवाले काका कोपऱ्यात लेथ पुसत होते. ते हसल्यासारखे दिसले. पण लेथकडे बघूनही ते असेच हसत, त्यामुळे खात्री देता येत नाही.

याच सुमारास अण्णा प्रकरणात आले. अण्णा म्हणजे माझे सासरे, एसटीच्या विभागीय कार्यशाळेतून निवृत्त. ऑक्टोबरात लेकीकडे आले होते. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं, जादा पैसे भरून घेतलं होतं. “असू द्यावी सोय,” म्हणाले होते. जानेवारीपर्यंत त्यांनी घरातली सगळी कुलपं, बिजागऱ्या आणि गळके नळ दुरुस्त करून टाकले होते, आणि आता ते चालू वस्तूंकडे टक लावून बघायला लागले होते. हिने मला बाजूला घेऊन सांगितलं, “त्यांना तुझ्या त्या रोबोकडे घेऊन जा. डिशवॉशर वाचेल.”

अण्णांनी वर्कशॉपमध्ये पाऊल ठेवलं, हातमोजे काढले आणि टोपीवाल्या काकांकडे बघितलं. टोपीवाल्या काकांनी अण्णांच्या हातांकडे बघितलं. एकाला मराठी आणि मोडकं हिंदी, दुसऱ्याला इंग्रजी आणि तेही आठवड्याला दहा शब्द. तरी अर्ध्या तासात दोघं लेथच्या चकवर एकत्र वाकले होते आणि माना डोलवत होते. मी दुभाषा म्हणून मध्ये गेलो तर अण्णा म्हणाले, “तुम्ही राहू द्या, जावईबापू. आमचं चाललंय.”

गिअरबॉक्स आले. सोबत कंप्रेसर आला, हवेच्या टाक्या आल्या, व्हॉल्व्ह आले, नळ्या आल्या. नुसतं गिअर बदलायचं तर एवढं लटांबर लागतं, हे फळ्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण वजनाचा मुद्दा आम्ही नामशेष केला होता. रोबोला त्या वर्षी कमाल वजन १२० पौंड, म्हणजे साधारण ५४ किलो. बॅटरी आणि बंपर त्यात धरत नसत. आमचा रोबो काट्यावर चढला आणि काट्याने नाही म्हटलं. मग भोकं पाडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पट्ट्यांना भोकं, कंसांना भोकं, दोर गुंडाळायच्या रिळाला भोकं. काही दिवसांनी भोकांच्या मधे मधे थोडा धातू उरला होता. एका उत्साही मुलाने अण्णांच्या स्टुलालाही भोकं पाडायला घेतली होती, तेव्हा लक्षात आलं की तो रोबोचा भाग नाही.

पहिल्यांदा रोबो जमिनीवर ठेवला आणि पुढे जायची आज्ञा दिली. रोबो सरळ जायच्या ऐवजी गोल फिरायला लागला. अतिशय डौलदार गिरकी होती, पण मागितली नव्हती. यांत्रिकी विभाग म्हणाला, कोड चुकला. कोडवाले म्हणाले, वायरी चुकल्या. वायरीवाले म्हणाले, आमच्या वायरी इतक्या सुंदर आहेत की चुकूच शकत नाहीत. तिघांनी मिळून कोडच्या प्रत्येक ओळीवर वाद घातला. मी वही उघडून मान हलवत होतो. अण्णा रोबोजवळ उकिडवे बसले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, “एक बाजू फर्स्टला आहे, एक टॉपला. डावीकडच्या नळ्या उलट्या लावल्यात.”

मी त्याचं इंग्रजी केलं: “माझ्या सासऱ्यांचं असं निरीक्षण आहे, की हवेच्या प्रणालीत डाव्या बाजूला काही विसंगती असण्याची शक्यता तपासून पाहावी.”

टोपीवाले काका म्हणाले, “नळ्या उलट्या.” आणि बदलल्या.

त्यानंतर चष्मेवाल्याला वाटलं, माणसावर कशाला सोडा? वेग वाढला की हाय, कमी झाला की लो, असं रोबोनेच ठरवावं. त्याने रात्र जागून तसा कोड लिहिला. रोबो नेमक्या त्या सीमेवरच्या वेगाने चालायला लागला. लो, हाय, लो, हाय, खट्, खट्, खट्, खट्. दर खटक्याला थोडी हवा खर्च. हवा भरायला कंप्रेसर घरघरायला लागला, कंप्रेसरने बॅटरी खाल्ली, बॅटरी उतरल्याने वेग कमी झाला, वेग कमी झाल्याने लो. भार हलका झाला म्हणून वेग वाढला, म्हणून हाय. कुठलाही माणूस मधे न येता अनिर्णयाची ही पातळी गाठलेली पाहून मला या तंत्रज्ञानाबद्दल प्रथमच आदर वाटला. शेवटी कोड काढून साधं बटण लावलं. म्हणजे जो निर्णय पंचवीस माणसं, एक एक्सेल शीट आणि एक संगणक मिळून घेऊ शकले नव्हते, तो आता अकरावीतल्या एका मुलीने अडीच मिनिटांत पुन्हा पुन्हा घ्यायचा होता. टोपीवाल्या काकांचं ‘दोन निवडावे लागतील’ मला तेव्हा कळलं. सांगायला गेलो तर ते लेथ पुसत होते.

ही ड्रायव्हर मुलगी मोठी गुणी. कन्सोलवर बोटं ठेवली की तिला जगाचं भान राहत नसे. तिला गिअर कधी बदलायचा ते शिकवायची जबाबदारी अण्णांनी आपणहून घेतली.

“तिला सांगा, घाट लागायच्या आधी गिअर टाकायचा. घाटात शिरल्यावर नाही. खंबाटकीला अर्ध्यावर गेल्यावर सेकंड शोधणारा ड्रायव्हर म्हणजे मागच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप.”

मी भाषांतर केलं. मुलीने नम्रपणे विचारलं, “घाट म्हणजे?” आमच्या गावाची जमीन पोळपाटावर लाटल्यासारखी सपाट, आणि तिच्या घरातल्या कोणत्याही गाडीला क्लच नव्हता. मी घाट समजावला, वळणं समजावली, वर चढणारा ट्रक समजावला. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे कोणी धडकायच्या आधी बटण दाबायचं.”

अण्णा म्हणाले, “एवढंच तर सांगत होतो. तुम्ही तिला काय पर्यटन शिकवत होतात?”

२१ फेब्रुवारीच्या मध्यरात्री रोबो पिशवीत गेला. बंपरच्या कापडी खोळी हिने शिवून दिल्या होत्या. त्यांच्या आत नियमाप्रमाणे पोहण्याच्या तलावात मुलं धरतात तसल्या फोमच्या नळ्या. संपूर्ण रोबोत हे एकच काम वेळेवर आणि एका झटक्यात झालं, कारण त्यासाठी समिती नेमलेली नव्हती.

मार्चमध्ये स्पर्धा. शेजारच्या गावातल्या शाळेची जिम, ढोल, रंगवलेले चेहरे, पालकांच्या हातात कॉफी. पहिल्या लढतीत आमचा रोबो सुसाट गेला, खुंटीवरून पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. खुंटीसमोर हळू यायला लो गिअर होता. मी नंतर विचारलं, “गिअर बदललास का?”

“बदलणार होते.”

पुढच्या एका लढतीत समोरचा रोबो आडवा आला. ताकदवाद्यांनी गॅलरीत उभं राहून आरोळी ठोकली. याच क्षणासाठी त्यांनी एवढी भोकं पाडली होती. ड्रायव्हरने काठी पुढे रेटली. हाय गिअरमध्येच. दोन्ही रोबो एकमेकांना टेकून थरथरत उभे राहिले. बॅटरीचा व्होल्टेज कोसळला, आणि आमच्या रोबोच्या मेंदूने स्वतःला वाचवण्यासाठी मोटरींची वीज तोडली. समोरच्याचंही तेच झालं असावं, कारण दोघंही तसेच, कपाळाला कपाळ लावून, शांत उभे राहिले. कोणी कोणाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही असा तेव्हा नियम होता, त्यामुळे पंच मोजायला लागले. पण कोण कोणाला दाबतंय हे त्यांना ठरवता येईना.

तिसऱ्या प्रकारचा घोळ दुपारी झाला. एका नळीतून हवा गळायला लागली आणि गिअर लोमध्ये अडकला तो अडकलाच. बटण दाबून उपयोग नव्हता. वेगवादी डोक्याला हात लावून बसले. रोबो निवांत निघाला, निवांत पोचला, गिअर उचलला, निवांत परत आला आणि पहिल्या झटक्यात खुंटीला अडकवला. पुन्हा गेला. पुन्हा पहिल्या झटक्यात. एरवी खुंटीसमोर पुढेमागे करण्यात जो वेळ जायचा तो गेलाच नाही. दिवसभरात सर्वांत जास्त गिअर आम्ही त्या लढतीत टांगले. शेजारच्या पालकांनी माझं अभिनंदन केलं, “काय स्ट्रॅटेजी होती!” मी वहीत काहीतरी लिहिलं.

मग आमच्या पिटमध्ये, म्हणजे रोबो दुरुस्त करायच्या जागेत, परीक्षक आले. चष्मेवाल्याने त्यांना दोन स्पीडच्या गिअरबॉक्सचं महत्त्व समजावून सांगितलं. आलेख दाखवले, अँपिअर सांगितले, ड्रायव्हरला परिस्थितीनुसार क्षणात निर्णय कसा घेता येतो ते सांगितलं. इतकं सुंदर सांगितलं की ड्रायव्हर मुलगीही कान देऊन ऐकत होती. परीक्षक गेल्यावर ती म्हणाली, “अरे, मस्तच आहे हे.”

या स्पर्धेत एक फार चांगली पद्धत आहे. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी रुजवलेली. मैदानात जीव तोडून खेळा. पण बाहेर प्रतिस्पर्ध्याला स्क्रू लागला तर स्क्रू द्या, बॅटरी लागली तर बॅटरी द्या. त्यानुसार संध्याकाळी पलीकडच्या शाळेची दोन मुलं आमच्याकडे नळीचा तुकडा मागायला आली. कन्येने तुकडा दिला आणि विचारलं, “तुमचं दोन स्पीडचं कसं चाललंय?”

“कंटाळलो. वापरलाच जात नाही. पुढच्या वर्षी नको,” त्यातला एक म्हणाला. “पण घेतला नसता तरी पंचाईत होती. तुम्ही घेताय असं कळलं होतं ना.”

आमच्या पिटमधल्या सगळ्यांनी एकदम कामात डोकं घातलं. टोपीवाल्या काकांनी मात्र त्या मुलाला नळीचा आणखी एक तुकडा दिला. फुकट.

एप्रिलमध्ये अण्णा परत गेले. तिकिटावर पहिल्यापासून छापलेल्या तारखेलाच. विमानतळावर मी न राहवून विचारलं, “अण्णा, तारीख बदलायची सोय घेतली होती, ते जादा पैसे वायाच गेले की.”

“वाया कसे?” अण्णा म्हणाले. “सहा महिने वाटत होतं ना, की कधीही निघता येईल. त्याशिवाय त्या थंडीत कोण राहिलं असतं?”

मे महिन्यात हंगामाचा आढावा घ्यायला सभा भरली. चष्मेवाल्याने रोबोच्या नोंदी काढल्या होत्या. गळतीची ती एक लढत सोडली तर लो गिअर मुख्यत्वे लढतीच्या सुरुवातीला वापरला गेला होता, हायवर जायचं लक्षात नव्हतं तोपर्यंत. कोणी कोणाला दोष दिला नाही. पुढच्या वर्षी एकच गिअर, साधा, हलका, बिनहवेचा; ठराव एकमताने मंजूर झाला. वेगवादी आणि ताकदवादी यांनी एकत्र हात वर केल्याचं हे पहिलंच उदाहरण. टोपीवाले काका इतके खूश झाले की त्यांनी जॅकेट चढवलं आणि घरी जायला निघाले.

ते दारापर्यंत पोचले होते, तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, “एकच ठीक आहे. पण हायवाला की लोवाला?”

काका दारातच थांबले. फळा पुन्हा पुसला गेला, वेग आणि ताकद पुन्हा लिहिले गेले, ‘वजन’ लिहायला उठलेल्या मुलाला खाली बसवण्यात आलं. रात्री उशिरा तोडगा निघाला, आणि तो मांडणारा मीच होतो, असं नंतर इतिवृत्तात नोंदवलेलं आहे. गिअरबॉक्स एकाच स्पीडचा घ्यायचा. फक्त आतल्या चाकांच्या दोन जोड्या मागवून ठेवायच्या; एक हायची, एक लोची. वापरायच्याच असं नाही. असू द्यावी सोय.